थंड मुलखातली गाडी

बहात्तर सालच्या दुष्काळात भिंगारच्या रज्जाक मिस्तरीला काम कधी कमी पडलं नाही, आणि त्याचाच त्याला वैताग आला होता. विहिरी आटल्या, रानं उघडी पडली, बाजारातले दुकानदार दुपारभर पंख्यानं वारा घेत बसू लागले. पण ट्रक मात्र कोणी थांबवले नाहीत. दुष्काळी कामावर खडी न्यायची, जनावरांच्या छावणीला कडबा न्यायचा, गावोगाव पाणी न्यायचं. सगळ्या रस्त्यांवर घोट्याएवढा फुफाटा, आणि तो सगळा शेवटी इंजिनांच्या पोटात. मग ती इंजिनं खोकत, धापा टाकत पाथर्डी रोडवरच्या रज्जाकच्या पत्र्याच्या शेडपुढं येऊन उभी राहत.

रज्जाक पंचावन्नचा होता. उजवा हात खांद्याच्या वर गेला की कळ थेट कानापर्यंत जायची. हाताखाली दोन चांगले कारागीर होते, पण ड्रायव्हरांचा तुटवडा पडल्याबरोबर दोघंही स्टिअरिंगवर जाऊन बसले. त्यांना तरी काय म्हणणार? तेव्हापासून गाडीखाली रज्जाकच, गाडीवर रज्जाकच, आणि गिऱ्हाइकाची समजूत काढायलाही रज्जाकच. हल्ली तो कोणावर ओरडतही नसे. ओरडायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

अशात एका सकाळी गोरक्ष आपली गाडी घेऊन आला. करंजी घाटाच्या खालच्या अंगाला त्याची वाडी. तिशीतला, बडबड्या, डोळे तांबारलेले. गाडी मिल्ट्रीच्या लिलावातली होती, हिरव्या रंगावर कोणीतरी घाईघाईनं विटकरी रंग फासलेला. खडी वाहायला म्हणून त्यानं ती घेतली होती. वाडीची विहीर तळाला गेली तसं लोकांनी मागच्या हौद्यावर लोखंडी टाकी चढवली आणि गाडी पाण्याची झाली. रोज नगरकडं यायचं, टाकी भरायची आणि घाट उतरून परत जायचं.

"रज्जाकभाई, ही वढतच न्हाई बगा," तो खाली उतरता उतरताच सुरू झाला. "रिकामी आसली तरी चढाला रडती. धूर तर असा काळा, की मागनं येनारा शिव्या घालतो. आन् तापती लई. दोन ठिकानी दाखवली. एक म्हनला पंप गेला, दुसरा म्हनला इंजनच बाद हाय. घरी आई म्हनती, हे धूड आनलंस कशाला?"

"बंद कर," रज्जाक म्हणाला.

"काय?"

"इंजिन बंद कर आधी. मग बोल."

गोरक्षनं इंजिन बंद केलं, पण ते लगेच बंद झालं नाही. दोन-चार आचके देऊन, नाइलाजानं थांबलं. रज्जाकच्या कपाळाला आठी पडली. त्यानं बॉनेट उघडलं आणि कोपर टेकून नुसतं पाहत राहिला.

इंजिन ओळखीचं होतं. तसली पुष्कळ त्यानं उघडली होती. पण ह्याच्या अंगावर दोन वस्तू जास्तीच्या होत्या. एक म्हणजे मागच्या पत्र्याला बसवलेला तांब्याएवढा पत्र्याचा डबा. त्यातून एक बारीक तांब्याची नळी निघून हवा आत घेणाऱ्या पाइपात शिरत होती, आणि ती शिरत होती तिथं दट्ट्यासारखा एक प्लग होता. प्लगला वायर होती, पुढं ती कोणीतरी तोडून टाकलेली. प्लगच्या बुडाशी डिझेल पाझरून ओलं झालं होतं. डिझेल हवेच्या रस्त्यात कशाला? रज्जाकनं बोट लावलं, वास घेतला. डिझेलच.

दुसरी वस्तू सापडली ती तो गाडीखाली सरकला तेव्हा. धुराच्या पाइपाला, सायलेन्सरच्या अलीकडं, एक ओतीव लोखंडाची डबी जोडलेली. तिच्या बाजूनं एक दांडा बाहेर आलेला, आणि दांड्याला सळई, जी वर केबिनकडं कुठंतरी जात होती. सगळं गंजानं आणि चिखलानं एकजीव झालेलं. दांडा त्यानं हलवून पाहिला. हलेना.

तो बाहेर आला आणि बाजेवर बसला.

"काय हाय ते?" गोरक्षनं विचारलं.

"माहीत नाही."

गोरक्षला हे अपेक्षित नव्हतं. "मग कापून टाका की! दुसऱ्या गाड्यांना कुटं आसतंय आसलं? वाडीवर सकाळपासनं बाया हंडे घिऊन बसल्यात, रज्जाकभाई."

रज्जाकच्याही मनात तेच होतं. पाइप कापायचा, सरळ तुकडा वेल्डिंग करायचा, डबा उपटायचा, भोक बुजवायचं, दुपारपर्यंत मोकळा. पण इतक्या वर्षांत त्याला एक गोष्ट कळली होती. जी वस्तू काय आहे हे ठाऊक नसताना आपण काढतो, ती दुसऱ्या कुठल्यातरी रूपानं परत येते आणि दुप्पट काम लावते. आणि दुप्पट काम करायची ताकद त्याच्यात उरलेली नव्हती.

"आजचा दिवस राहू दे," तो म्हणाला. "टाकी दुसऱ्या कोणाच्या गाडीनं ने."

गोरक्ष पुष्कळ बोलला. रज्जाकनं ते ऐकून घेतलं आणि प्लग खोलायला घेतला.

जेवायला घरी गेला तेव्हा तो प्लग खिशातच होता. बायकोनं, सरवरीनं, ताटात भाकरी वाढली. तो दोन घास खाऊन थांबला, तर तिनं विचारलं, "क्या हुआ? दुखताय क्या खांदा?"

"नहीं." त्यानं प्लग काढून दाखवला. "मिल्ट्री की गाडी आई है. ये क्या है, समझमेंच नहीं आता."

सरवरीनं प्लगकडं पाहिलंही नाही. प्लगमधलं तिला काय कळणार? पण ती म्हणाली, "आसाराम को पूछो ना एक बार. मिल्ट्री की गाडी उसने चलाई ना इत्ते साल."

रज्जाकनं प्लग परत खिशात टाकला.

आसाराम एके काळी त्याच्याच शेडमध्ये होता. हसरा, उंच, हाताला विलक्षण जलद. पाना मागायच्या आत हातात ठेवायचा. रज्जाकच्या मनात होतं की पुढं शेड त्याच्याच भरवशावर चालेल. पण चीनच्या लढाईनंतर भरती निघाली तसा तो फौजेत ड्रायव्हर म्हणून गेला. "उस्ताद, येतो," एवढंच म्हणाला होता. रज्जाकला तेव्हा राग आला, मग तो रागही निवला. आणि दोन वर्षांपूर्वी आसाराम परत आला तो बोटं गमावून. लडाखकडं कुठंतरी थंडीनं गेली म्हणाले. रज्जाक त्याला भेटायला गेला होता, एकदाच. अर्धा तास दोघं समोरासमोर बसले. रज्जाकनं पावसाचं विचारलं, आसारामनं मान हलवली. त्यानंतर जायचं जायचं म्हणून राहून गेलं. सरवरीला मात्र पाण्याच्या नळावर आसारामची बायको रोज भेटायची.

"वो बात नहीं करता," रज्जाक म्हणाला.

"लंकाबाई से भी नहीं करता. तुम जाके तो देखो."

उन्हं कलल्यावर रज्जाक गेला. आसारामचं घर कँटोनमेंटच्या हद्दीला लागून, दोन खोल्यांचं. दारात लंकाबाई भांडी घासत होती. पाण्यानं नव्हे, राखेनं, आणि मग ओल्या फडक्यानं पुसून. रज्जाकला पाहून तिनं पदर सावरला.

"या भाई. लई दिसांनी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बसल्यात आत. तुमी आपलं बोला. त्यांनी जाब न्हाई दिला तर वाईट वाटून घिऊ नका."

आसाराम भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात टॉवेलखाली. अंगानं खंगलेला नव्हता. नुसता विझल्यासारखा दिसत होता. त्यानं रज्जाककडं पाहून मान हलवली.

रज्जाकनं ह्या वेळी पावसाचं विचारलं नाही. पावसाबद्दल बोलायला त्या वर्षी काही नव्हतंच. तो समोर बसला, खिशातून प्लग काढला आणि म्हणाला, "गाडी आलीय एक. त्यात हे निघालं. काय आहे, मला कळेना."

आसाराम बराच वेळ त्या प्लगकडं पाहत राहिला. मग टॉवेलखालून उजवा हात बाहेर आला. अंगठा आणि पहिलं बोट तेवढं शाबूत, बाकीची तीन पेरापाशीच संपलेली. त्यानं प्लग घेतला, उलटा केला, टोकाच्या तारेवर अंगठा फिरवला.

"वायर कुनी तोडली?" तो म्हणाला.

आवाज घोगरा होता. दाराशी भांड्यांचा आवाज थांबला.

"काय माहीत. लिलावातली गाडी आहे."

"डबा हाय का मागच्या पत्र्याला? एवढासा?"

"आहे."

"त्यातनं डिझेल यतं." आसाराम थांबत थांबत बोलू लागला, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा. "प्लगला करंट दिला की तार लाल हुती. तिच्यावर डिझेलचा थेंब पडला की पेट घेतो. जाळ हुतो आत, पाइपात. मग त्या जाळावरनं गरम हवा इंजनात जाती. तवा कुटं ते सुरू हुतं. तिकडं सकाळी डिझेल तुपागत थिजतं, उस्ताद. लोक इंजनाच्या तेलाच्या चेंबरखाली शेगड्या पेटवत्यात."

"पाइपात जाळ?" रज्जाक म्हणाला. त्याला ते खरंच वाटेना. इथं माणसं इंजिन थंड कसं राहील ह्या काळजीनं मरत होती.

"व्हय. थोडाच. आवाज यतो. भुसकन."

"आणि धुराच्या पाइपाला एक डबी आहे. दांडा आलाय बाहेर. सळई."

आसारामनं एकदम वर पाहिलं. "ती काढली न्हाई ना?"

"नाही अजून."

"काडू नका," आसाराम म्हणाला. रज्जाकनं आणखी दोन प्रश्न विचारले, पण त्या दिवशीचं त्याचं बोलणं तेवढंच होतं. लंकाबाईनं गुळाचा चहा आणला. ओतताना बशीबाहेर थोडा सांडला.

दुसऱ्या दिवशी रज्जाक शेड उघडतोय तोवर आसाराम रस्त्यावरून येताना दिसला. अंगात जुना फौजी स्वेटर, त्या उन्हाच्या दिवसात, आणि हातांवर तोच टॉवेल. तो थेट गाडीपाशी गेला. गोरक्ष केबिनमध्ये झोपला होता. आवाजानं जागा झाला.

"ह्ये कोन?"

"अशी गाडी चालवलेला माणूस आहे," रज्जाक म्हणाला.

आसाराम केबिनमध्ये चढला, क्लचच्या बाजूचं रबरी पायपुसणं उचललं आणि खालचा फुफाटा फुंकला. फरशीत एक लोखंडी बटण निघालं, गंजून रुतलेलं. गोरक्ष इतके महिने त्या बटणावर चप्पल ठेवून गाडी चालवत होता.

"ह्ये दाबलं की सळई वढली जाती," आसाराम म्हणाला. "धुराच्या पाइपात झडप हाय, ती मिटती. त्याच येळी पंपाचं डिझेल बंद हुतं. धूर बाहेर पडाया जागा न्हाई, मग इंजन सोताच गाडीला धरतं. उतारावर ब्रेक कमी लागतो. तिकडं दिवसभर उतार आसतो. नुसत्या पायातल्या ब्रेकवर गाडी सोडली तर खाली पोचत न्हाई."

"म्हंजी ह्यो ब्रेक हाय?" गोरक्ष म्हणाला.

"व्हय. पर तुझ्या गाडीत झडप आर्धी मिटूनच गंजलीया. म्हनून वढत न्हाई. नाक दाबून पळवतूयस तिला. आन् त्या डब्यातनं डिझेल गळतंय हवेत, म्हनून काळा धूर."

एवढंच होतं. पंप गेला नव्हता, इंजिन बाद झालं नव्हतं. रज्जाकला हायसं वाटलं आणि त्याच वेळी पुढचं कामही दिसलं. ती डबी सोडवायची म्हणजे अर्धा दिवस जाणार.

अर्धा दिवस गेलाच. आसारामला नट धरता येत नव्हते. सुरुवातीला त्यानं प्रयत्न केला, पाना निसटून पायावर पडला, तसा तो मागं सरून बसला. मग दोघांची आपोआप वाटणी झाली. आसाराम गाडीखाली आडवा पडून सांगे आणि रज्जाकचे हात करीत. "वरचा बोल्ट आदी. त्याला रॉकेल सोडा. आता थांबा, भिजू द्या." खांद्यात कळ आली की रज्जाक हात खाली घेई, आणि आसाराम न बोलता वाट पाही. दोघांनाही घाई नव्हती. घाई फक्त गोरक्षला होती, आणि तोही शेवटी दमून बाभळीखाली बसला.

डबी सुटली. आतल्या झडपेवर काजळीचा इतका थर होता की ती लोखंडाची आहे हे खरवडल्यावर कळलं. रज्जाकनं ती घासली, आस साफ केला, दांडा हलवला. एकदा अडखळून झडप टप्पदिशी मिटली आणि उघडली. आसारामनं मान डोलावली. मग डबी परत जागेवर बसवून त्यांनी सळई आणि केबिनमधलं बटणही रॉकेल सोडून मोकळं केलं.

प्लगचं भोक बुजवायचं काम राहिलं होतं. रज्जाकनं विचारलं, "हे परत बसवायचं का?"

"नगं. हितं काय काम न्हाई त्याचं."

रज्जाक पितळी बूच घासून आट्यांत बसवत होता. ते काम नाजूक. बूच लहान, बोटांत धरवेना. तेव्हा आसाराम शेजारी उकिडवा बसून बोलला.

"हातमोजे घालून त्यो नट धरता येत न्हाई."

रज्जाकनं वर पाहिलं नाही. हात चालू ठेवला.

"रस्ता एकेरी हुता. माझी गाडी पुढं, मागं फौजेच्या गाड्यांची सगळी लाइन. सकाळी ह्योच प्लग पेटंना. तार निसटलेली. मोज्यांत नट धरायला गेलो, दोनदा खाली पडला बर्फात. मग काडले मोजे. लोखंडाला हात लावला की चिकटायचा, कातडी निघायची. पर बसवला. पेटला. गाडी सुरू झाली, लाइन हालली."

"मग?"

"मग काय. दिवसभर चालवली. दुखत नव्हतं, म्हनून वाटलं बरं हाय. मुक्कामाला मोजे काडले तर बोटं खडूगत पांढरी. डॉक्टर म्हनला, दुखत हुतं तवा यायला पायजे हुतं. आता दुखतच नव्हतं, तर जानार कसं?"

रज्जाकचं बूच बसलं होतं. तरी तो ते फिरवत राहिला. त्या पहिल्या भेटीसारखा तो पावसाकडं वळला नाही, नुसता तिथंच बसून राहिला. मग हात फडक्याला पुसून म्हणाला, "चहा घेऊ."

"घिऊ," आसाराम म्हणाला.

गाडी सुरू केली तेव्हा तिचा आवाजच बदलला होता. धूर पांढुरका, पातळ. बंद करताच निमूट थांबली. गोरक्षनं रज्जाकचे हात धरले, आसारामचेही धरायला गेला आणि हातांकडं लक्ष जाऊन गोंधळला. मग त्यानं दोघांना गळ घातली: "एकदा घाट उतरून संगं या. ते बटन मला दाखवा. मी आपला आडानी, घाटात काय चुकलं तर?"

रज्जाकला जायचं नव्हतं. शेडपुढं तीन गाड्या खोळंबल्या होत्या. पण आसाराम केबिनमध्ये चढून बसलासुद्धा, मधल्या जागेवर. रज्जाक त्याच्या शेजारी खिडकीशी बसला.

टाकी भरताना नळाची धार मधेच बारीक झाली, आणि मागच्या रांगेनं ओरडा सुरू केला. गोरक्षला टाकी अर्ध्याहून थोडी जास्त भरून निघावं लागलं. त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. उलट ओझं कमी, म्हणून रज्जाकला बरंच वाटलं.

घाट लागेपर्यंत गाडी अशी पळाली की गोरक्ष गाणंच म्हणायला लागला. घाटाच्या तोंडाशी त्यानं तिसरा गिअर तसाच ठेवला. आसाराम म्हणाला, "दुसरा टाक." गोरक्ष म्हणाला, "रोज तिसऱ्यातच उतरतो की." पण रोजची गाडी अर्धं नाक मिटलेली होती, इंजिनच तिला मागं ओढून धरत होतं. आज ती मोकळी होती.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला टाकीतलं पाणी एका अंगाला धावलं आणि परत येऊन गाडीला मागून धक्का दिल्यासारखं आदळलं. गोरक्षनं ब्रेक दाबला. पाणी पुढं आलं, परत धक्का. तिसऱ्या वळणापर्यंत तो ब्रेकवर उभाच होता, आणि केबिनमध्ये ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास भरला. रज्जाकला तो वास चांगला ठाऊक होता. त्यानं दाराची कडी धरली.

"ब्रेक धरंना, पाय खाली जातोय," गोरक्ष म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "रज्जाकभाई, पाय खाली जातोय!"

घाबरून त्यानं क्लचही दाबला. गाडी इंजिनापासून सुटली आणि हलकी होऊन धावायला लागली. डाव्या अंगाला दरी, उजव्याला कातळ, आणि पुढं वळणावर कडब्याच्या दोन बैलगाड्या.

"क्लच सोड!" आसाराम ओरडला. असा ओरडला की रज्जाकला तोच जुना, शेडमधला आसाराम ऐकू आला. "पाय काड क्लचवरनं! गेरात राहू दे!"

गोरक्षनं पाय काढला. गाडीला हिसका बसला, इंजिन किंचाळलं. त्याच क्षणी आसारामनं आपला उजवा पाय आडवा टाकून ते बटण दाबलं, पूर्ण, टाच टेकवून.

खालून घुमल्यासारखा आवाज झाला. बंद तोंडानं कोणी हुंकार द्यावा तसा. आणि गाडी मंदावली. रज्जाक पुढं झुकला, त्याचा दुखरा खांदा समोरच्या पत्र्यावर आदळला, पण गाडी मंदावत गेली. मागं पाणी आदळतच होतं. बैलगाडीवाल्यानं मागं वळून पाहिलं आणि बैल कातळाच्या बाजूला घेतले. त्यांच्या शेजारून ट्रक माणसाच्या चालीनं गेला. बैलांनी मानही हलवली नाही.

"आता दुसरा टाक," आसाराम म्हणाला. "हळू. पाय काडतो मी. टाकला? बरं. आता परत."

राहिलेला घाट ते तसेच उतरले. बटण आसारामच्या पायाखाली, स्टिअरिंग गोरक्षच्या हातात. सपाटीला लागल्यावर गोरक्षनं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि चाकाशी बसून ओकला. मग तोंड पुसायला पाणी घ्यावं म्हणून टाकीच्या तोटीकडं गेला, हात लावला, आणि न घेताच परत आला.

वाडीवर बाया बसल्याच होत्या. गाडी थांबली तशी हंड्यांची एकच झुंबड झाली. गोरक्षच्या आईनं, केशरबाईनं, काठी आपटत रांग लावली. टाकी अर्धी का, म्हणून तिनं पोराला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. गोरक्षनं घाटातलं काही सांगितलं नाही. रज्जाकनंही नाही. केशरबाईनं दोघा पाहुण्यांना पितळीतून पाणी आणून दिलं, अर्धं अर्धं. ते त्यांनी जपून प्यायलं.

परतताना गोरक्षच गाडी चालवत होता, रिकामी, चढाला. ती न रडता चढली. रज्जाकचा खांदा ठणकत होता. अजून तीन गाड्या पडल्यात, आणि आता ह्या गाडीचे लायनरही बदलावे लागणार, हे त्याच्या डोक्यात फिरत होतं. वरच्या वळणावर त्यानं आसारामकडं पाहिलं. आसारामचे दोन्ही हात मांडीवर उघडेच होते. टॉवेल कुठं खाली पडला होता, ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

"उद्या येशील का?" रज्जाकनं विचारलं.

"बघू," आसाराम म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "मला नट धरता येत न्हाईत, उस्ताद."

"मला हात वर करता येत नाही."

आसारामच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणावं इतकं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. लंकाबाईनं नळावर सरवरीला सांगितलं, की घरी येऊन ते आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत उठले नाहीत, आणि उठल्यावर दोन भाकरी मागून घेतल्या. सरवरीनं ते रज्जाकच्या कानावर घातलं. तिसऱ्या दिवशीही आसाराम आला नाही, आणि रज्जाकनं मनातून तो विषय सोडून दिला. माणूस एक दिवस बाहेर आला तेही पुष्कळ, असं त्यानं स्वतःला समजावलं.

गोरक्षची गाडी लायनरसाठी परत आली त्या दिवशी रज्जाकला उठायलाच उशीर झाला. रात्रभर खांद्यानं झोप लागू दिली नव्हती. शेडपाशी पोचला तेव्हा ट्रक दगडांवर चढवलेला, पुढचं एक चाक काढून भिंतीला लावलेलं. गोरक्ष तोंडात पाना धरून नट मोजल्यासारखा एका फडक्यावर मांडत होता. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले.

"उस्ताद आले का?" खालून आवाज आला. "हितं अंधार हाय. जरा बत्ती धरा."

रज्जाकनं बत्ती उचलली. डाव्या हातात घेतली, गुडघे टेकले आणि वाकला.

"अजून थोडी अलीकडं," आसाराम म्हणाला. "हां. तशीच धरा."